मुलीच्या मूत्रपिंडांविना माझी फाइल उघडण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (दीर्घ उपचार परवानगी),
कर्मचारी आरोग्य साहाय्य कार्यालय, उत्तर विभाग,
सेक्टर १७, चंडीगड.

अर्जदार: जयंत वामन खारोडे, वरिष्ठ सांख्यिकी सहायक, वय ४९, मूळ राहणार अचलपूर, जि. अमरावती, बदलीमुळे हल्ली मुक्काम सेक्टर ४४, चंडीगड.

विषय: बंद केलेली फाइल उघडून पॉलिसिस्टिक किडनीच्या औषधाची व दरमहा रक्ततपासणीची परवानगी पूर्ववत करण्याबाबत, आणि त्यासाठी घातलेली मुलीच्या सोनोग्राफीची अट काढून टाकण्याबाबत.

संदर्भ: माझा इंग्रजी अर्ज, माझा हिंदी अर्ज आणि आपल्या कार्यालयाची त्रुटिपत्रे, एकूण पाच.

महोदया,

१. हा अर्ज मराठीत करीत आहे. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात माझी पत्नी प्रतिमा हिला समजले की आपण मूळच्या सांगलीच्या. ओळख काढण्याचा हेतू नाही. सांगली आणि अचलपूर यांच्यामध्ये तसेही अर्धे राज्य पडते. हेतू एवढाच की आपल्या कार्यालयात खालच्या तीन टेबलांवर मराठी कोणालाच वाचता येत नाही. इंग्रजी आणि हिंदी अर्ज त्या टेबलांवर वाचले गेले आणि तिथेच राहिले. हा कोणाला कळणार नाही, सबब तो थेट आपल्यापर्यंत येईल, असा माझा अंदाज आहे.

२. आजाराविषयी थोडक्यात. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात आणि सावकाश वाढतात. सर्वसाधारण मूत्रपिंड अकरा सेंटिमीटरचे असते. माझे डावे एकोणीस आणि उजवे अठरा आहे. गेल्या आठ वर्षांत माझ्या नोकरीत एवढी प्रगती अन्य कोणी केलेली नाही. हा आजार बरा होत नाही, त्याला फक्त रेंगाळत ठेवता येते: रक्तदाब ताब्यात ठेवायचा, मीठ कमी, रक्त-लघवीच्या तपासण्या वेळच्या वेळी, आणि गाठींचा वेग मंदावणारी एक गोळी. ही गोळी मला गेल्या जुलैपासून चालू आहे. तिने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून पहिले दीड वर्ष दरमहा रक्त तपासावे लागते. तिचा दुसरा परिणाम असा की माणसाला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी प्यावे लागते आणि त्यामुळे दर पाऊण तासाने

२. (उर्वरित) उठावे लागते. वाक्य मध्येच सोडल्याबद्दल क्षमस्व. अर्ज यापुढेही असाच तुटेल. तुटलेल्या जागा तशाच ठेवीत आहे, पुरावा म्हणून.

३. परवानगी पुढे चालू ठेवण्याच्या नमुन्यात रकाना क्र. ९ आहे: ‘उपचार पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख’. मी तो कोरा ठेवला. नमुना परत आला. डॉक्टरांकडून ‘आजीवन’ असे लिहून घेतले. खिडकी क्र. ३ वरचे हरदीपजी म्हणाले, “बाऊजी, आजीवन कोई तारीख थोड़ी होती है. हमारे कंप्यूटर में दिन, महीना, साल पड़ता है जी.” हे रास्त होते. मी माझ्या सेवानिवृत्तीची तारीख घातली, ३० नोव्हेंबर २०३६. त्यावर दुसरे त्रुटिपत्र आले: ‘अर्जदाराचा आजार नेमका निवृत्तीच्या दिवशीच कसा बरा होतो, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा केला की माझ्या माहितीप्रमाणे बरेच आजार त्या दिवशी बरे होतात. तिसऱ्या त्रुटिपत्रात हा खुलासा उद्धटपणाचा ठरवण्यात आला. तो मी मागे घेतला आहे.

४. टोकनविषयी. आपल्या कार्यालयात टोकन क्रमांक एकदाच पुकारला जातो. पहिल्या मजल्यावरील स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली मुख्य लिपिकांकडे असते. मुख्य लिपिक चहाला गेले की किल्लीही चहाला जाते. अशा वेळी मला जिना उतरून, चौक ओलांडून सार्वजनिक स्वच्छतागृह गाठावे लागते. मी ४१ क्रमांकाचे टोकन घेऊन गेलो, परत आलो तेव्हा ४३ चालू होते. दुसऱ्या खेपेस २७ होते, परतलो तेव्हा ३०. तिसऱ्या खेपेस मी दोन पेले पाणी कमी प्यालो आणि चक्कर येऊन बाकावर बसून राहिलो. तेव्हा माझा क्रमांक पुकारला गेला, पण मला उठता येईना. तिन्ही वेळा फाइलवर ‘अर्जदार अनुपस्थित’ असा शेरा पडला आणि १९ जानेवारी रोजी फाइल बंद झाली. हरदीपजींनी मला समजावले, “आप टिक के बैठते ही नहीं हो जी.” मूत्रपिंडाच्या रुग्णांना परवानगी देणाऱ्या कार्यालयात टिकून बसणे ही मुख्य पात्रता असेल, तर ती नमुन्यातच छापावी, म्हणजे माणूस आधीपासून सराव

४. (उर्वरित) करील.

५. बंद फाइल उघडायची तर आजार नव्याने सिद्ध करावा लागतो, असे चौथे त्रुटिपत्र म्हणते. माझे स्कॅन पुरेसे नाहीत. आजार ‘आनुवंशिक’ या गटात येत असल्याने रक्ताच्या नातेवाइकालाही तो असल्याचा पुरावा हवा. माझी आई याच आजाराने चार वर्षे डायलिसिसवर राहून २०११ साली वारली. ज्या रुग्णालयात ती होती ते बंद पडले, तिथे आता मंगल कार्यालय आहे. मी फोन केला. त्यांच्याकडे २०१५ नंतरच्या लग्नांचीच नोंद आहे.

मग माझा धाकटा भाऊ मोहन, मु. यवतमाळ, याने माझ्या विनंतीवरून सोनोग्राफी केली. त्याची मूत्रपिंडे निर्दोष निघाली. तो फोनवर म्हणाला, “दादा, मला बरं वाटून राह्यलं, अन् लाजही वाटून राह्यली.” त्याचा अहवाल मी प्रामाणिकपणे सादर केला. त्यावर आपल्या कार्यालयाचा शेरा: ‘सख्ख्या भावास आजार नाही, सबब आनुवंशिकता सिद्ध होत नाही.’

६. मी सांख्यिकी खात्यात एकवीस वर्षे आहे. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि नाणे प्रत्येकासाठी वेगळे उडते. मोहनचे नाणे बरे पडले, म्हणून माझे पडलेच नाही, असे होत नाही. हे मी खिडकीवर एक रुपयाचे नाणे उडवून दाखवले. नाणे आत पडले. ते परत मागितलेले नाही.

७. (हा परिच्छेद प्रतिमाने वाचून काढायला लावला. क्रमांक तसाच ठेवला आहे, कारण क्रमांक सुटला की त्रुटी निघते.)

८. पाचवे त्रुटिपत्र दि. २ फेब्रुवारीचे आहे. ‘भावाचा अहवाल विपरीत असल्याने अर्जदाराने अपत्याचा अहवाल सादर करावा.’ मला एकच अपत्य आहे. इरा, वय १९, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बदल्यांमुळे ती चार राज्यांत वाढली. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. तिचा विषय आमच्या घरात ऑगस्टमध्येच निघाला होता. डॉक्टरांनी सांगितले की कळून घ्यायचे की नाही हे तिने ठरवावे. तोवर वर्षातून एकदा रक्तदाब पाहिला तरी चालेल, आणि या वयात सोनोग्राफी निर्दोष आली तरी ती शेवटची खात्री नसते. इरा म्हणाली होती, “मुझे अभी नहीं जानना, पापा. बीपी चेक कराती रहूंगी, पक्का.” तो विषय तिथे संपला होता.

पाचवे त्रुटिपत्र मी जेवणाच्या टेबलावर विसरलो. ही चूक सर्वस्वी माझी.

९. मंगळवारी ती कॉलेजला म्हणून निघाली आणि बसने पिंजौरला गेली. तिथे मैत्रिणीची बहीण सोनोग्राफी केंद्रात काम करते. संध्याकाळी तिने माझ्या ताटाशेजारी एक चिकटवलेले पाकीट ठेवले. “खोला नहीं है मैंने. आप फाइल में लगा दो. आपकी गोली खत्म हो रही है ना.” प्रतिमा म्हणाली, “अगं, तुला कोणी सांगितलं होतं?” इरा म्हणाली, “किसी ने नहीं. चिट्ठी में लिखा तो था.” मी उठलो. या वेळी गोळीमुळे नाही, पण गेलो तिथेच.

१०. महोदया, आता आपल्याच कार्यालयाचा नियम मी नीट मांडतो. पाकिटातला अहवाल निर्दोष असेल, तर मोहनप्रमाणेच माझी आनुवंशिकता पुन्हा असिद्ध होईल आणि फाइल बंद राहील. अहवालात गाठी असतील, तर फाइल उघडेल. म्हणजे माझी गोळी चालू राहावी यासाठी माझ्या मुलीला माझा आजार असावा, अशी आशा मी धरायची आहे. खिडकी क्र. ३ वर ते पाकीट फाडले जाईल, मोठ्याने वाचले जाईल, आणि तिच्या पोटात काय आहे हे ३८ ते ५२ क्रमांकांच्या टोकनांना तिच्या आधी कळेल.

ही आशा मी धरत नाही. फाइलसाठी नाही, गोळीसाठी नाही.

११. माझ्याकडे आजपासून अकरा दिवसांच्या गोळ्या आहेत. रक्ततपासणीशिवाय डॉक्टर पुढची चिठ्ठी देत नाहीत, आणि ते बरोबर करतात. फाइल उघडल्याशिवाय आपण रक्ततपासणीस परवानगी देत नाही, आणि ही गोळी स्वखर्चाने घेणे माझ्या पगारात बसत नाही. गोळी थांबली तर मी उद्या मरणार नाही. गाठी आपल्या मूळ वेगाने वाढू लागतील, एवढेच. म्हणजे डायलिसिसचे माझे वर्ष काही वर्षे अलीकडे येईल. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. निर्णय घेताना आपल्यासमोर पूर्ण माहिती असावी म्हणून

११. (उर्वरित) लिहीत आहे.

१२. सबब विनंती: (अ) माझ्या स्वतःच्या आठ वर्षांच्या स्कॅनवर फाइल उघडावी. (आ) दरमहा तपासणीची परवानगी द्यावी. (इ) मुलीच्या अहवालाची अट लेखी रद्द करावी. (अ) आणि (आ) नाकारायचे असतील तरी (इ) मान्य करावे. या तिन्हींत माझा क्रम उलटा आहे.

आपला, आजच्या तारखेपर्यंत नम्र,

(सही)
जयंत वामन खारोडे
चंडीगड, १२ फेब्रुवारी २०२६

सोबत जोडलेले:
१. माझे स्कॅन, २०१८ पासूनचे, एकूण सहा.
२. यकृताच्या तपासण्या, जुलै ते डिसेंबर.
३. डॉक्टरांचे पत्र. त्यात ‘आजीवन’ हा शब्द अधोरेखित आहे, रेघ डॉक्टरांचीच.
४. मोहनचा अहवाल. तो आपण ठेवून घेतला तरी चालेल, त्याच्याकडे दुसरी प्रत आहे आणि ती त्याने देवघरात ठेवली आहे.
५. इराचे पाकीट जोडलेले नाही. आज सकाळी तिला परत दिले. तिने विचारले, “रख लूं?” मी म्हटले, “ठेव.” तिने ते कुठे ठेवले, ते मी पाहिलेले नाही.