खारीसाठी हरणाची बंदूक

वेंडेल,

जूनीला शोधत बसू नकोस. ती माझ्याबरोबर शेजारच्या योडरांकडे चालली आहे. काल तिच्या हातून सुटलेली गोळी त्यांच्या गोठ्याची फळी फोडून आत गेली. आत धार काढत बसलेली त्यांची सून थोडक्यात वाचली.

खारीवर पॉइंट टू-टूपेक्षा मोठी बंदूक चालवायची नाही, हा नियम तुला मीच शिकवला होता. टू-टूची बारीक गोळी खोडात रुतून बसते. दहा वर्षांच्या पोरीला हे पाठ आहे. ती तुला म्हणालीसुद्धा, "बाबा, ही हरणाची बंदूक आहे. गोळी खोडातून आरपार जाईल." त्यावर मेहुण्यासमोर तू काय म्हणालास? "बंदूक पेलत नसेल तर घरी जाऊन बाहुलीची वेणी घाल!" मग तिने चाप ओढला. धक्क्याने बंदुकीची दुर्बीण कपाळात बसली. मी तिला टाके घालून आणलं, तेव्हा तू फुटबॉल बघत होतास.

शिकवताना मी तुझ्यावर कधी आवाज चढवला नाही. तिथेच चुकलं असेल.

ती योडरांना सांगणार आहे की सगळी चूक तिची. वर मला बजावते, "आजोबा, बाबांचं नाव घ्यायचं नाही हं." मी घेणार नाही. तू स्वतः येऊन सांग. आम्ही दुपारपर्यंत तिथे फळी बदलत असू. आला नाहीस, तर तुझी चूक ती जन्मभर स्वतःची समजेल.

बाबा