आजोबांचं व्हर्जन

हो, सर्व्हरच. सर्व्हरमुळेच माझी रजा अडली होती, आणि तू फोनवर हे ऐकून जी हसलीस ते काही बरं केलं नाहीस. मागच्या वेळी बॉयलर, त्याच्या मागच्या वेळी पिळणीचं मशीन, आता सर्व्हर, म्हणजे तुला यायचंच नाही, असं म्हणून फोन तू आईकडे दिलास. आईनं ‘सगळं ठीक आहे, जेवतोस ना’ म्हणून तो तुझ्या लेकीकडे, गोळीकडे दिला, आणि गोळीनं तो नेहमीप्रमाणे चावला. अशा घरात माणसानं आपली बाजू मांडायची कुठे? म्हणून हे पत्र.

तर ताई, तुला, भाऊजींना आणि आईला नमस्कार, गोळीच्या दोन्ही गालांना जे काय करायचं ते माझ्या वतीनं तूच कर. माझी तब्येत उत्तम आहे. (हाताला वाफेचा चटका बसला होता तो बरा झाला. तुला सांगितलं नव्हतं, त्यामुळे आता काळजी करायचं कारण नाही.) तुझ्या तब्येतीचं मी विचारत नाही, कारण तू ‘ठीक’ म्हणशील. आईच्या गुडघ्याचं विचारत नाही, तीही ‘ठीक’ म्हणेल. तुमच्या घराला ठीक झाल्याशिवाय दुसरं काही होतच नाही. आणि एक सांगायचं राहिलं: मागचं पत्र तू लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, खाली ‘हस्ताक्षर बरे’ असा शेरा मारून परत पाठवलंस. मी शाळा सोडली तेव्हा तू अजून मास्तरीण झाली नव्हतीस, त्यामुळे मी तुझ्या हाताखाली येत नाही. हे पत्र तरी घरातच ठेव.

आता सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. आमच्या धुलाईत रोज दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे ढीग येतात. सगळं पांढरं. कोणाची चादर कोणाची, हे प्रत्यक्ष ती चादरही सांगू शकणार नाही. ते सांगतो जिन्याखालच्या कपाटातला एक काळा डबा. तो प्रत्येक गठ्ठ्याची चिठ्ठी छापतो, आणि कोणता गठ्ठा कुठून आला, कुठे जायचा, हे त्याच्या पोटात असतं. त्याला आम्ही आजोबा म्हणतो. तो सतत घरघरतो, गरम होतो, कपाटात एकटा असतो आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. बसवल्या दिवसापासून तो एकदाही बंद केलेला नाही. ज्या इंजिनिअरनं बसवला तो केव्हाच दुसरीकडे निघून गेला आणि जाताना पासवर्डही डोक्यात घालून घेऊन गेला. त्यामुळे मालकीणबाई त्या कपाटाजवळून जाताना चपला काढायच्या तेवढ्या बाकी ठेवतात.

मी रजा मागायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, आजोबा बदलायचे आहेत, तेव्हा धुलाई दहा दिवस बंदच राहील, तेव्हा जा की घरी. मी विचारलं, बदलायचे कधी? तर म्हणाल्या, तो कॉम्प्युटरवाला तारीख द्यायला तयार नाही, आधी त्याला आजोबांचं व्हर्जन हवंय. आता तूच सांग, मी काय करणार होतो? व्हर्जन नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर रजा नाही, आणि रजा नाही तर गोळी जन्मभर त्या फोनलाच मामा म्हणणार. (परवा तू सांगितलंस की ती फोनला भात भरवत होती आणि ‘मामा आं कर’ म्हणत होती. तू हसत सांगितलंस. मला त्या फोनचा असा काही राग आला की दिवसभर कोणाशी बोललो नाही.) मी बाईंना म्हटलं, व्हर्जन मी शोधतो.

व्हर्जन म्हणजे काय हे तोवर मला माहीत नव्हतं हे खरं. कॉम्प्युटरवाल्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला की डब्याच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम असते, तीच सगळं चालवते, आणि तिच्या नव्या-जुन्या आवृत्त्या असतात. मला हे लगेच समजलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आई. घरात ती आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक दिवस ती झोपून राहिली की मीठ कुठे आहे हेही कोणाला सांगता येत नाही. आणि व्हर्जनचंही तसंच. तुझ्या-माझ्या वेळचं व्हर्जन साखरेच्या डब्याला हात लावला तर उलथनं घेऊन अंगणापर्यंत मागे यायचं. तीच आई आता गोळीला चमच्यानं साखर भरवते म्हणे. म्हणजे मधे कधीतरी नवं बसवलं गेलं आणि मला कोणी कळवलं नाही. सध्या कोणतं चालू आहे हे इथे बसून फोनवर ओळखता येत नाही, कारण ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य सगळ्या व्हर्जनांत तेच आहे.

असो. पहिल्याच दिवशी मी आजोबांच्या पाठीवर चिकटवलेला एक कागद शोधून काढला, त्यावरचा लांबलचक आकडा एकेक करून फोनवर वाचून दाखवला. कॉम्प्युटरवाला शांतपणे म्हणाला की हा डब्याच्या पंख्याचा नंबर आहे. मग म्हणाला, बाहेरचं सोड, बिस्किटांच्या डब्यावर बिस्किटांचं चित्र असतं, आत काय असतं? मी म्हटलं, सुई-दोरा आणि बटणं. तो म्हणाला, बरोबर, म्हणून आत बघायला हवं. (आपला तो गोल डबा अजून आहे का गं? त्यात माझ्या निळ्या शर्टाचं एक बटण होतं.)

आत बघायला पडदा हवा. म्हणून जेवणाच्या खोलीतला टीव्ही उचलून आणला, कपाटासमोर स्टुलावर ठेवला आणि वायर जोडली. यावर सगळे नाराज झाले, पण तोंडावर कोणी काही बोललं नाही. इस्त्रीवाले काका तर स्वतःहून मदतीला आले. हे काका इथले सगळ्यांत जुने, रोलरवर चादर अशी सोडतात की तिला कळतही नाही. ते म्हणाले, इथे कापसाचा भुसा उडतो, टीव्ही खराब होईल, आणि त्यांनी धुतलेला, कडक इस्त्रीचा एक अभ्रा टीव्हीच्या डोक्यावर घातला. आमच्याकडे हीच पद्धत आहे. स्विचबोर्डापासून पाण्याच्या माठापर्यंत सगळ्यावर काही ना काही घातलेलं असतं, तू भेटायला आलीस तर तुझ्यावरही घालतील.

पडदा काळाभोर. वरच्या बाजूला एक ओळ, नाव विचारणारी, तिच्यापुढे उघडमीट करणारी एक बारीक रेघ. नाव दिलं की पासवर्ड विचारायचा. मी बाईंचं नाव घातलं, धुलाईचं घातलं, बाईंच्या मांजराचं घातलं. हिशेब लिहिणाऱ्या मावशी शेजारी येऊन बसल्या आणि पासवर्ड नेहमी नवऱ्याच्या नावाचा असतो म्हणाल्या, म्हणून बाईंच्या नवऱ्याचंही घातलं. मग मावशींच्या नवऱ्याचंही घातलं, कारण तोवर आम्हाला दोघांनाही चेव चढला होता. काही वेळानं आजोबा सगळं पुसून टाकायचे आणि पुन्हा तोच प्रश्न. एका दुपारी मी कंटाळून तुझं नाव घातलं. तू तिथेही नाही म्हणालीस.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, बंद करून चालू कर, उठता उठता तो स्वतःच आपलं व्हर्जन दाखवेल. हे बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जो थांबला नाही तो एकदा थांबला तर परत उठेल याची कोण हमी देतो, असं म्हणून त्या कपाटाकडे ज्या नजरेनं बघत राहिल्या, ती लक्षात ठेव, पुढे लागेल.

रोज सकाळी मी टीव्हीसमोर जायचो तेव्हा काका आधीच तिथे असायचे, अभ्रा पुढून दोन बोटं खाली ओढून, घडी सारखी करत. मला वाटायचं, काय हा टापटिपीचा माणूस. मग एक दिवस हॉटेलला परत पाठवायच्या गठ्ठ्यात एक अभ्रा कमी पडला, मी टीव्हीवरचा ओढून घेतला, आणि ताई, त्या घडीखाली, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, एक अख्खी ओळ होती. सिस्टिमचं नाव, आणि पुढे सहा पॉइंट शून्य सहा. पासवर्ड विचारायच्या आधी, पहिल्या ओळीत, न विचारता. मी पाट्या वाचता येतील इतपतच इंग्रजी शिकलो, पण आकडे मला येतात. मी तिथेच स्टुलावर बसलो. आजोबा पहिल्या दिवसापासून सांगत होते आणि आम्ही त्यांच्या तोंडावर कापड घातलं होतं. माझ्याशी पहिल्याच वाक्यात खरं बोललेलं असं हे पहिलंच कोणीतरी. (हे तुला लागावं म्हणूनच लिहिलं आहे.)

धावत जाऊन कॉम्प्युटरवाल्याला एकेक अक्षर वाचून दाखवलं. तो खूश झाला. म्हणाला, हे असं जुनं मी तीन ठिकाणी बदललंय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, आणि दहा दिवस बंद? तो म्हणाला, ते व्हर्जन कळलं नसतं तर. मग सगळी गिऱ्हाइकं, सगळे गठ्ठे हातानं नव्यानं भरावे लागले असते, तेव्हा दहा दिवस. आता धुलाई बंद ठेवायचं कारणच नाही.

मी फोन ठेवला आणि मागे बघितलं. इस्त्रीवाले काका, मावशी, पिळणीवरचे दोघं, सगळे उभे होते. व्हर्जन कळलं की सगळ्यांची दहा दिवसांची सुट्टी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. कॉम्प्युटरवाला पहिल्यांदा आला तेव्हा काका तिथेच कपाटाशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि मला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. मला का नाही, तर माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे. काका एवढंच म्हणाले, ‘शोधलंस का? छान.’ आणि तो अभ्रा माझ्या हातातून घेऊन, झटकून, घडी घालून गेले. त्यांचं गाव माझ्याही पुढे आहे. त्यांनी नातवासाठी घेतलेला स्वेटर गेल्या थंडीपासून लॉकरमध्ये आहे आणि नातू काही स्वेटर येईपर्यंत वाढायचा थांबणार नाही. त्यानंतर जेवायला माझ्या बाकावर कोणी बसेना. टीव्ही परत नेऊन ठेवला तरी बसेना.

बाई मात्र खूश. त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाल्या, आजपासून याची जबाबदारी तुझी. म्हणजे आधी मी रजेवर जाऊ शकत नव्हतो, आता अजिबातच जाऊ शकत नाही. ताई, मोठ्या चादरीची घडी घालायला इथे दोघं लागतात, आणि समोरचं टोक धरून जो माणूस पुढे येतो तो क्षणभर तूच वाटतेस, गच्चीवर आपण घालायचो तशी. तू मुद्दाम टोक सोडून द्यायचीस आणि मी मागे पडायचो. काका त्या आठवड्यात समोरचं टोक धरायलाही आले नाहीत. एकट्यानं चादरीची घडी घालून बघ कधी, मग म्हण मला यायचं नाही.

नवा डबा आला त्या दिवशी आजोबांना बंद करावंच लागलं. बाई डोळे मिटून उभ्या होत्या. घरघर थांबली, आणि इतकी शांतता झाली की मशीनवरची माणसंही वळून बघायला लागली. कॉम्प्युटरवाल्यानं काही वायरी बदलल्या आणि म्हणाला, शेवटचं एकदा बघू, आणि बटण दाबलं. आजोबा उठले. खोकले, घरघरले आणि पहिल्याच ओळीत आपलं नाव सांगितलं, जणू डुलकी काढून उठलेत. तेव्हा मी सगळ्यांसमोर बाईंना म्हटलं, मला घरी जायचंय, आणि माझ्यानंतर काकांना. बाईंनी माझ्याकडे बघितलं. तीच नजर. म्हणाल्या, ‘गेलास तर परत येशील ना?’ मी आजोबांकडे बोट दाखवलं. त्या हसल्या नाहीत, पण मग म्हणाल्या, घरच्या कोणाला तरी मला फोन करायला सांग, त्यांच्या तोंडून ऐकते. काका त्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसले.

तुझा,
आजोबांचा किल्लीवाला

ता. क. तर काम एवढंच. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाईंना फोन कर. कोणाला आजारी पाडू नकोस, त्यांना खोटं लगेच कळतं. एवढंच सांग की तो येईल आणि दिवस संपले की परत जाईल. मास्तरणीच्या आवाजात सांग.

ता. क. २. फार ठामपणे सांगू नकोस. माझं मलाच नक्की नाही. अंगणात पाय ठेवल्यावर माझं कोणतं व्हर्जन सुरू होईल हे मला इथून कळत नाही, आणि आईनं ताट वाढलं तर विषयच संपला.

ता. क. ३. मी येईन त्या दिवशी फोन कुठेतरी वर ठेव, नाहीतर गोळीपुढे दोन मामा उभे राहतील, आणि तिनं त्याला निवडलं तर मला चालणार नाही.

ता. क. ४. बाईंना विचारायच्या आधीच मी तिकीट काढून बसलो होतो. जायचं. यायचं काढलं की नाही ते भाऊजींना विचारू देऊ नकोस. म्हणून या महिन्यात नेहमीचे आठ हजार नाहीत, पाठवतोय ते साडेतीन हजार.