बिनआवाजाची हलगी

३ फेब्रुवारी, सोमवार

हेडफोनवर ऐकायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचाय; पॅड रबराचे की जाळीचे? दोन दिवस हाच शास्त्रार्थ. पुण्याचा दुकानदार फोनवर — "सर, रबरावर टकटक येते. जाळीच्या पॅडवर मारलं तरी शेजारच्याला कळत नाय." म्हटलं, आणि खालच्याला? खालचे म्हणजे आबा, माझे वडील. त्यांची खाट माझ्या खोलीच्या बरोबर खाली.

दुसरी अट — ड्रममध्ये आपला आवाज भरता आला पाहिजे. "कसला आवाज सर?" एका वाद्याचा, म्हटलं. हलगी हा शब्द फोनवरही तोंडातून निघेना! त्रेपन्न वर्षांचा संस्कृतचा मास्तर, लघु-गुरू मोजत वर्गातली टेबलं बडवली, आणि आता चोरून ड्रम घेतोय.

५ फेब्रुवारी

कारण लिहून ठेवतो, म्हणजे निदान मला तरी पटेल.

आमच्या घरात हलगी वाजत नाही. आजोबा गावकीचे हलगीवाले. मयत असो, मिरवणूक असो, सांगावा आला की जाऊन वाजवायचं. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, लांब. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी हलगी मीना नदीत सोडली. आबा नऊ वर्षांचे. नदीपर्यंत ती त्यांच्याच डोक्यावर होती. तेव्हापासून हलगीला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. चार वर्षांपूर्वी नारायणगावच्या एका लग्नात हलगी सुरू झाली, तर आबा भरल्या ताटावरून उठले. भर उन्हात हायवेला जीपची वाट बघत उभे!

आणि आता हा जानकू. आंबेगावकडचा, ऐंशीच्या घरातला हलगीवाला. वर्तमानपत्राला अधूनमधून बातम्या पाठवतो, म्हणून गेलो. "खोडदच्या धर्माजीचा नातू तू? मंग तुज्या आज्याची चाल हाय माज्यापाशी. दुसऱ्या कुणापाशी न्हाई." एकदा वाजवली. मोबाइलवर घेतली. "शिकून घे राव. न्हाईतर माज्यासंगं गेली."

बातमी चार ओळींची आली. चाल डोक्यातून जाईना.

११ फेब्रुवारी

ठरलं. जाळीचे पॅड, पेन ड्राइव्हवरून आवाज घेणारं मॉड्यूल (हेडफोन खुपसला की त्याचा स्पीकर मुका), तारेचा हेडफोन. मुलगी तेजस्विनी पुण्याहून — "बाबा, ब्लूटूथ घ्या ना, कुठल्या शतकात आहात?" पण त्यात थाप आधी पडते, आवाज मागून येतो. आमच्या गावात रेडिओ-दुर्बिणीच्या एवढाल्या अँटेना आकाशाची कुजबुज ऐकत बसल्यात, त्यांची भीती नाही. भीती कानाचं मशीन लावणाऱ्या एका म्हाताऱ्याची.

१६ फेब्रुवारी

खोकी आली. आबा ओट्यावरच!

"काय रं हे?"

कंप्युटरचं सामान, म्हटलं.

"लई पाय हायेत कंप्युटरला."

कल्याणी तोंडाला पदर लावून आत गेली. बायको हसते, मला घाम. सूत्रासारखं थोडक्यात बोललो, पण खोटंच.

१७ फेब्रुवारी

मोबाइलवरच्या जानकूच्या थापा सुट्या करून मॉड्यूलमध्ये भरल्या. जाड काडीची एका पॅडवर, पातळ काडीची दुसऱ्यावर. हेडफोन लावून मारली — अंगावर काटा! जाळावर शेकून ताणलेल्या कातड्याचा आवाज, आणि जाळ कुठेच नाही.

कल्याणीला खाली उभं केलं. "पाल चालल्यासारखं वाटतंय." केवढी? "तुमच्याएवढी." पॅडच्या स्टँडखाली गादी घातली. गादीखाली सतरंजी.

२१ फेब्रुवारी

आबा दुपारी मशीन काढून निजतात. तेवढा पाऊण तास माझा. मधली थाप निसटते. चाल वृत्तात बसवून पाहिली — बसत नाही. आजोबांना वृत्तं कुणी शिकवली नव्हती, हे बरंच झालं.

२४ फेब्रुवारी

आबांनी अर्धी भाकरी ताटात टाकली. कल्याणी म्हणते, पोट बिघडलं असेल. मला ते लग्नातलं ताट दिसतं. कळलं असेल? कसं कळेल? मशीन तर टेबलावर असतं!

२५ फेब्रुवारी

वाजवलं नाही. दुपारी आबा खाटेवर जागे. दोनदा छताकडे पाहिलं.

२७ फेब्रुवारी

परत घेता का, म्हणून दुकानात फोन. "आवाज येतोय का सर?" नाही हो, तोच तर त्रास!

१ मार्च

शेवटची एकदा म्हणून बसलो. डोळे मिटून. उघडले, तर दारात आबा! दोन वर्षं जिना चढले नव्हते. कानात मशीन नाही, म्हणजे माझं काही ऐकूही येणार नाही.

"कानाला न्हाई, खाटंला कळतं," म्हणाले. "मधली थाप उशिरा पाडतूस. बा आदी पाडायचा."

एवढंच. कठडा धरून खाली गेले. चिडलेत, की...? विचारायची हिंमत नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी त्यांच्या कानात मशीन बघून बोललो. आबा, चुकलो. हलगीला हात लावायचा नाही, असं आजोबा —

"कोन म्हनलं? बोलावल्यावर जायाचं न्हाई, म्हनला व्हता बा."

मग त्या लग्नातून उठलात ते?

"वाजवनारा उपाशी व्हता."

तीस वर्षं पोरांना वाक्याचा अर्थ लावायला शिकवतोय मी!

मग स्वतःच जिना चढले. हेडफोनकडे बोट — "आन ह्ये मुकं का ठेवलंय? कुनी सांगावा धाडलाय का आपल्याला?"

मी हेडफोनची तार काढली.