बिनधुराची चूल

३ जून, शनिवार

दादाने तारीख ठरवली — २९ जुलै. मला विचारलं नाही, सांगितलं! थेम्बिले दादा घराण्यात सर्वांत मोठा. त्यामुळे सहासष्टाव्या वर्षीही मी त्याच्यापुढे मान खाली घालून बसतो.

"चौदा महिने झाले. पोरगा बाहेर थंडीत फिरतोय. घरी आणायचाय की नाही त्याला?"

आणायचाय. का नाही आणायचा? माकूळ पकडायला गेलेली बोट बुडाली तेव्हा वर सात जण होते. चार पोहत आले. दोघांची प्रेतं मिळाली. आमचा बोनिसिले मिळालाच नाही. पुरायला काही नव्हतं, म्हणून निदान हे तरी नीट व्हायला हवं — बोट बुडाली त्या सेंट फ्रान्सिसच्या किनाऱ्यावर जायचं, झाडाची फांदी पाण्यात बुडवायची, त्याच्याशी बोलत बोलत ती घरी आणायची. बैल कापायचा. आणि ज्वारीची बिअर, घरात केलेली, त्याच्या आईच्या हातची. विकतची चालत नाही. सगळ्यांनी ती प्यायली की तो वाडवडिलांत जाऊन बसतो. मग तो गेला असं म्हणता येतं. तोवर नाही.

माझी बायको नोसाखेले स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मला चुलीपाशी बसता येत नाही, भाऊजी. डॉक्टरांनी धूर बंद केलाय."

खरं आहे. चाळीस वर्षं आमच्या अर्ध्या क्वानोबुहले वस्तीच्या लग्नांना आणि मयतांना तिनेच बिअर केली. छातीची पार चाळण झालीय. काडी पेटवली तरी खोकते.

"मग काहीतरी करा," दादा म्हणाला आणि चहा पिऊन गेला. काहीतरी करा म्हणे!

४ जून, रविवार

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. डोक्यात एकच — धूरच नसला तर?

७ जून, बुधवार

डिस्पॅच गावी देवाल्डकडे जाऊन आलो. कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन, मी वेल्डर, बावीस वर्षं एकाच शेडमध्ये. निवृत्त झाल्यापासून त्याला घरी बिअर करायचं वेड लागलंय. गोऱ्यांची, बार्लीची, पातळ. गॅरेजमध्ये स्टीलच्या तीन टाक्या, पंप, कॉइली, आकडे दाखवणारे डबे. बायकोची गाडी पावसात उभी!

"असंच बांधू तुझंही," म्हणाला. "बटण दाबायचं आणि खुर्ची टाकून बसायचं."

"आमची दाट असते."

"किती दाट?"

"डाव उभा राहतो."

"अरे मग ती बिअर आहे की पेज?"

हसलो. बऱ्याच दिवसांनी. त्याने एक पन्नास लिटरचं स्टीलचं पिंप दिलं, कॉइल दिली, थर्मोस्टॅट दिला. घरी येताना उगाच वाटलं, जमेल. लगेच वाटलं, काय जमेल? पोरगा तर नाही परत येत.

१३ जून, मंगळवार

सांगाडा उभा राहिला. चौकोनी पाइपचा, तीन पायऱ्यांचा. वर पाण्याची टाकी, मध्ये शिजवायचं पिंप, खाली आंबवायचं. एवढ्या वर्षांनी हात थरथरेल असं वाटलं होतं, पण वेल्डिंग सरळ आलं. बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसलो.

नोसाखेलेला हाक मारली. "येऊन बघ तरी!"

"बघते नंतर."

नाही आली.

१७ जून, शनिवार

पहिली चाचणी. फसली.

बिअर बायकांनी करायची, पुरुषाने ढवळायची नाही, हे मलाही कळतं. पण ही नुसती चाचणी. नोसाखेले येईना म्हणून मीच डाव घेतला. शेजारची नोमाखाया कुंपणावर कोपरं टेकून उभी. मला ती कुळाच्या नावानेच हाक मारते.

"राडेबे, डोक्याला फडकं बांधा की! नवी सून म्हणून खपाल!"

गल्लीभर हशा. हसू देत. मक्याचं आणि मोडाच्या ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवलं होतं, ते पिंपात ओतलं, कॉइल लावली. दहा मिनिटांत वास आला. देवाल्डची पातळ बिअर कॉइलभोवती फिरते, आमची बसते. कॉइलवर काळा थर, जाड, तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखा. सगळं कडू. नोमाखायाच्या कोंबड्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

वर पाहिलं तर स्वयंपाकघराचा पडदा हलला. ती बघत होती.

१८ जून, रविवार

करपल्याचा वास अजून नाकात.

२२ जून, गुरुवार

चूक माझीच. पेजेत वीज चालणार नाही. देवाल्डला फोन केला. तो म्हणाला, "मग दोन्ही वापर. पाण्याला वीज, पेजेला गॅस." साधी गोष्ट! मला सुचायला हवी होती.

तर आता असं — वरच्या टाकीत कॉइल, फक्त पाण्यापुरती. मधल्या पिंपाखाली गॅसची शेगडी आणि शेगडीवर बोटभर जाडीचा लोखंडी पत्रा, म्हणजे आच एका जागी लागत नाही. लाइट गेली तर वरच्या टाकीखालीही गॅस लावता यावा म्हणून दुसरी शेगडी. लाइट काय, दिवसातून तीनदा जाते. दोन-दोन, अडीच-अडीच तास.

काम करताना बरं वाटतं. काम संपलं की परत तेच. माझा मुलगा पाण्यात आहे आणि मी नळाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतोय.

२ जुलै, रविवार

दुसरी चाचणी. या वेळी करपली नाही! शिजली छान. पण जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा, थंडी अशी की चार दिवस झाले तरी आंबेना. जुनी गोधडी गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. बुडबुडा नाही.

नोमाखायाने डाव बुडवला, हुंगला. "ही मेलीय, राडेबे." मस्करी न करता म्हणाली, ते जास्त लागलं.

ओतून दिली. सत्तावीस दिवस राहिले.

५ जुलै, बुधवार

खालच्या पिंपाला गरम पट्टा बसवला. देवाल्डचाच. तो म्हणाला, "माणसाला झोपायला जेवढी ऊब लागते तेवढीच ठेव." माणूस बरा आहे. बोनिसिलेचं नाव मात्र तो कधीच काढत नाही, आणि मीही त्याच्यापुढे काढत नाही.

१२ जुलै, बुधवार

आज लिहायला हात उचलत नाही.

सकाळी वरची टाकी धुतली, रिकामी केली, वाळत ठेवली. लाइट नव्हती. भिंतीवरचा स्विच बंद केला. केला! मला आठवतंय, बोट ओलं होतं म्हणून आधी पॅंटला पुसलं. मग सिलिंडर आणायला गेलो. येईपर्यंत लाइट आलेली. अंगणात जळका वास. स्विच चालू. कोरड्या टाकीत कॉइल लालबुंद होऊन फुटलेली, टाकीचा तळ निळा पडलेला.

नोसाखेले दारात उभी होती. म्हटलं, "मी बंद केला होता ना गं?"

ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि आत गेली.

१३ जुलै, गुरुवार

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस. मग किल्ली. मग एकदा बूट ओव्हनमध्ये सापडले आणि आम्ही हसलो. शेवटी त्यांना मीच आठवेना. मला "साहेब" म्हणायचे.

भीती वाटते. मरणाची नाही. बोनिसिलेचा चेहरा विसरलो तर?

१४ जुलै, शुक्रवार

नोसाखेलेला सांगितलं नाही. तिच्यावर आधीच काय कमी आहे?

१८ जुलै, मंगळवार

देवाल्डने दुसरी कॉइल बसवून दिली. "चालतं रे, माझ्याही दोन फुटल्यात," म्हणाला. त्याच्या फुटल्या असतील. पण त्या का फुटल्या, ते त्याला माहीत होतं.

भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय — स्विच, गॅस, नळ. केलं की टिक. लहान मुलासारखं. पण आता माझ्यावर माझाच भरवसा नाही.

२१ जुलै, शुक्रवार

दादा बघायला आला. सांगाड्याभोवती दोनदा फिरला. काठीने शेगडी ठोकली.

"वाडवडिलांना गॅसची चव नाही ना लागणार?"

"त्यांना विचार," म्हटलं. माझ्या तोंडून गेलं ते!

तो रागावला नाही. उलट खूश दिसला. आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "नोसाखेले, आता धुराची सबब नाही हं! तुझ्या नवऱ्याने सगळं करून ठेवलंय!"

मग ती बाहेर आली. शांतपणे म्हणाली, "ज्वारी किती आणायची ते लिहून घ्या."

मला रडू आलं. म्हणजे तयार झाली! शेवटी तयार झाली.

२५ जुलै, मंगळवार

तिने हात घातला आणि सगळं बदललं. गरम पाणी वरून सोडलं, पीठ टाकलं, कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या मोडल्या. एकदाही खोकली नाही. नोमाखाया आणि दोघी-तिघी मदतीला. मी लांब, कुंपणापाशी. कुणी मला काही विचारत नव्हतं, आणि ते किती बरं वाटलं!

तिला एकदा म्हटलं, "उंची बरोबर आहे ना गं? तुझी उंची धरूनच केलंय."

म्हणाली, "बरोबर आहे." पाहिलं मात्र नाही माझ्याकडे.

२६ जुलै, बुधवार

शिजवली. मध्येच लाइट गेली, लगेच गॅस लावला. पाण्याची उकळी मोडली नाही. दिवसभरात एवढंच चांगलं.

संध्याकाळी ती ओट्यावर बसून होती, हात मांडीवर. विचारलं, "दमलीस?" "नाही." "मग?" "काही नाही हो." तिच्याजवळ बसलो.

२७ जुलै, गुरुवार

आंबतेय! पिंपाला कान लावला तर आत आवाज. फेस वर आलाय. नोमाखाया म्हणाली, "वाईट बिअर हिच्या हातून व्हायचीच नाही, हिने ठरवलं तरी."

उद्या दुपारी गाळायची. परवा तो घरी. मला आनंद व्हायला हवा. होत नाही. नुसतं आत पोकळ वाटतं.

२८ जुलै, शुक्रवार

गेली. सगळी गेली.

दुपारी बायकांनी गाळली, खालच्या पिंपात भरली. नळ थेंब-थेंब गळत होता तो मीच घट्ट केला. भिंतीवर टिक केली. बायका अंघोळीला घरी गेल्या. मी बैल बघायला दादाकडे. चार वाजता परत आलो तर पिंप रिकामं, नळ सताड उघडा, अंगणातून गटारापर्यंत पांढऱ्या फेसाचा ओघळ. नोमाखायाच्या कोंबड्या त्यात उभ्या.

भिंतीवरची टिक माझीच आहे. म्हणजे टिक केली आणि नळ उलटा फिरवला. घट्ट करतोय असं वाटत उघडला! अजून काय राहिलं आता?

नोसाखेले आत, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. तिला सांगायला गेलो आणि सांगता आलं नाही. मुलाला घरी आणायचं एक काम होतं. पोराचा बाप म्हणून शेवटचं. तेही माझ्या हाताने घालवलं. तिच्या पायाशी बसून रडलो. ती हलली नाही.

सोमवारी डॉक्टरकडे जातो. जे काय आहे ते ऐकून घेतो.

२९ जुलै, शनिवार

पहाटे तिने आपणहून सांगितलं. नळ तिने उघडला. त्या दिवशी स्विचही तिनेच लावला होता.

"सगळे ती प्यायले असते की तो मेला असता. तो मेलेला कुणी पाहिलाय? मी नाही पाहिला. धूर होता तोवर माझ्यापाशी कारण तरी होतं हो. तेही तुम्ही काढून घेतलंत."

नऊला अंगण भरलं. दादा रिकाम्या पिंपापाशी उभा राहिला. "हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं. "नळ बंद करायला विसरलो. हल्ली विसरतो मी."

"बाबांवर गेलास," दादा म्हणाला, आणि बैल परत न्यायला सांगितला.