सगळ्यात खालची जागा

९ नोव्हेंबर
आज सकाळी उगाच आठवलं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. हे आणि मी नीरेवर वाकळा धुवायला गेलो होतो. पिळताना एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, वाकळ पिळणं कुठलं माहीत! टोक सुटलं आणि हे पाण्यात बसले. बसल्या बसल्याच ओंजळभर पाणी प्यायले. म्हणाले, "गोड आहे, घे." मीही प्यायले. एवढंच.
आता तिथं गावाचा नाला मिळतो.

१४ नोव्हेंबर
न.पा.चे इंजिनिअर आले होते. तरुण, बोलणं नम्र. सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प आमच्या नदीकाठच्या पेरूबागेत करायचा म्हणतात. "मॅडम, पाणी उतारानं आपोआप यायला हवं. सगळ्यात खालची जागा तुमचीच आहे." सक्ती नाही. मी नाही म्हटलं तर दुसरी शोधतील. तोवर सगळं नदीत.
विचार करते, म्हटलं. झाडं ह्यांनी लावलेली. हे गेले, झाडं अजून…

१५ नोव्हेंबर
अस्लम तावातावानं आला. दिरांचा मुलगा, बाग तोच बघतो.
"चाची, अख्ख्या भोरचं संडासाचं पाणी चाचांच्या बागेत?"
"आत्ता कुठं जातं ते?"
"नदीत."
"मग?"
"मग नदी काय आपल्या एकट्याची आहे?"
चहा न घेता गेला. कोपऱ्यावरून परत आला, चहा पिऊन गेला.

२ डिसेंबर
सुमनताई नव्या तांदळाचा भात घेऊन आली. तिचं घर, शेत बागेला लागूनच. माहेर हिर्डोशीचं. नवा भात नदीच्या पाण्यात शिजवायचा, आधी नदीला घास, मग घरात, अशी तिची रीत. पहिला डबा दरवर्षी मला.
डबा ठेवून म्हणाली, "भाबी, औंदा नळाच्या पाण्यातला हाय. नदीचं तोंडात घालवंना."
"आणि नदीला घास?"
"टाकला की. लांबनं. नाकाला पदर लावून निवद दावला बगा." हसली. मला हसता येईना.
भात छान झाला होता.

४ डिसेंबर
जागा द्यायची ठरवलं. इंजिनिअरना फोन केला. अस्लम ऐकून बागेला पाणी द्यायला निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

८ डिसेंबर
सु.ताई बांधावरूनच बोलली. आत आली नाही.
"तुमी देऊन मोकळ्या. वास आमी खायचा. माज्या उंबऱ्याशी टाक्या येनार."
म्हटलं, नदीसाठीच देतेय गं.
"नदीनं मागितलं व्हतं का? मला तर कुनी इचारलं न्हाई."
खरंच विचारलं नाही. तिचा भात खाऊन ठरवलं, आणि तिलाच…
इंजिनिअरना विचारलं, वास येईल का? "यंत्रं नीट चालली तर नाही, मॅडम." चालतील का? "वीज असली, माणसं असली, तर चालतील." शाळेत असं उत्तर दिलं असतं तर सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं. पण खोटं बोलला नाही तो.

१३ डिसेंबर
स्टँडवर सु.ताई दिसली, हिर्डोशीच्या एस.टी.त, खिडकीशी. हाक मारली. तिनं पलीकडे पाहिलं. गाडी सुटेपर्यंत उभी होते. डब्यावरची तिची झाकणी अजून माझ्याकडेच आहे, तेवढंच बोलता आलं असतं.

१९ डिसेंबर
उद्या सही. बागेत जाऊन आले. फार वेळ नाही थांबवलं.
अस्लम, तू विसरशील म्हणून लिहून ठेवते. पाण्याची मोटर तुला, पाइपसकट. खोपीचे पत्रे मशिदीत दे, वजूला हातपाय धुतात तिथं सावली होईल. ह्यांची छाटणीची कात्री तू वापर, उसनी कुणाला देऊ नकोस.
बांधालगतची पट्टी मी द्यायच्या जागेतून वगळून घेतली आहे. ती सुमनताईला. झाडं लावू दे, भिंत घालू दे, नाहीतर तशीच पडू दे. तिची मर्जी.
हे तिला तू सांगायचं नाहीस. सकाळी सहीच्या आधी मीच जाणार आहे. सांगायला नाही, विचारायला, टाक्यांना जागा देऊ का म्हणून. नको म्हणाली, तर सही…