बापूंचा किल्ला

बुऱ्हाणपूर,
९ जानेवारी २०२५

चि. अक्षय यास,
धर्मेंद्रचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो, बाकी तक्रार नाही. तुझी पुण्याची नोकरी उत्तम चालू असेल, सुट्टी मिळत नाही म्हणजे चांगलीच चालू असणार. पत्र बघून तू हसशील. पण व्हॉट्सअपवर लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, माझे बापू गेल्याचं कळवलं तेव्हाही हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळा झालास. कागदावर तुला ती सोय नाही.

शनवाऱ्यातलं माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान पुन्हा उघडलंय. शिष्यवृत्तीचे दिवस आहेत, पोरांची रांग असते. डोक्यावर केस आले, त्यामुळे गिऱ्हाइकं आता "कोण गेलं?" असं विचारत नाहीत. संक्रांत आली, पण यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही. "आपल्याकडे" हे सवयीनं लिहिलं. तुमच्याकडे करा.

गेममधल्या रविवारच्या वॉरला ये, तुला को-लीडर करतो, असा तुझा मेसेज मिळाला. मी येणार नाही. आपल्याच घरात पाहुणा म्हणून पाट मांडून मिळावा, तसं ते को-लीडरपद आहे. गेमबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

तुझे आई-वडील कसे आहेत? काका दहाव्याला एकटेच आले होते, रात्रभर बसचा प्रवास करून. तुझ्याबद्दल विचारलं तर खाली बघून म्हणाले, "रजा नाही मिळाली त्याला." आईनं लगेच त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विषय बदलला. माणूस बोलायचं टाळतो ते तिला बरोबर कळतं.

जाऊ दे. गेमबद्दल लिहिणार नाही म्हटलं, पण मग हे पत्र कशाला लिहितोय?

"केळीवाले" हे नाव तूच सुचवलं होतंस. बारावीला आमच्या घरी राहायचास तेव्हा. माळ्यावर एकाच चार्जरवरून भांडत आपण दोघांनी गेममध्ये तो क्लॅन, म्हणजे आपला गट, काढला. बघता बघता पन्नास जण झाले, शाहपूर, जसोंडी, तुकईथडपासूनचे. प्रत्येकाचा फोनमध्ये आपापला किल्ला, आणि आठवड्याला दुसऱ्या कुठल्यातरी क्लॅनशी लढाई. कोणी कोणाच्या किल्ल्यावर चालून जायचं ते मी ठरवायचो. केळीचा ट्रक दिल्लीला नेणारा भाईदास ढाब्यावर थांबून हल्ला करायचा. औषधाच्या दुकानातली मोनाली काउंटरखाली फोन धरून खेळायची. हरलो तर शिव्या मी खायच्या, जिंकलो तर सगळे जिंकले. लीडर म्हणजे एवढंच असतं, असं माझं मत. तुझं वेगळं निघालं.

बापू क्लॅनमध्ये कसे आले ते तुला माहीत नसेल. तू पुण्याला गेलास आणि तुझे फोन हळूहळू बंद झाले. एकदा मी खेळताना बापूंनी डोकावून विचारलं, "ह्याच्यात अक्षय दिसते का?" मी म्हटलं, दिसतो, हा बघा त्याचा किल्ला. झालं! दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मलेबी घाल तिथी."

किल्ला कसला, शेतच होतं ते. केळीच्या ओळी लावाव्यात तशा त्यांनी तटबंदीच्या भिंती लावल्या, मधून पाणी द्यायला वाट सोडल्यासारखी वाट सोडून. शत्रू सरळ आत चालत यायचा. स्वतः हल्ला कधीच करायचे नाहीत. "त्या बिचाऱ्यानं काय वाकडं केलं आपलं?" असं म्हणायचे. तीन वॉरला हल्ला केला नाही तर बाहेर, हा माझाच नियम होता, पण तो बापूंना लावायची माझी छाती नव्हती, कोणाचीच नव्हती. कारण लढाईसाठी कोणी सैनिक मागितले की आपल्या किल्ल्यातले पहिले बापू द्यायचे. भाईदास म्हणायचा, "अपन तो बापू के भरोसे लढते है भाऊ."

तू रोज सैनिक मागायचास. फोन करायचा नाहीस, दिवाळीला नाही की त्यांच्या वाढदिवसाला नाही, पण सैनिक न चुकता मागायचास. बापू चष्मा लावून ते द्यायचे आणि आईला सांगायचे, "पोऱ्या ठीक आहे." हे तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यांनीच सांगू दिलं नाही. म्हणायचे, त्याले वाटीन म्हातारा पाळत ठेवते.

दवाखान्यात शेवटचे चार शब्द ते तुझ्याबद्दल बोलले असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं काही नाही. बोलण्यासारखी अवस्थाच नव्हती.

घरात सुतक लागलं. रंभाआत्यानं माझ्या हातात फोन बघितला आणि सगळ्यांदेखत बोलली, "बाप गेला अन् तू लढाया मारते का रे? खोट्या का असेना." तिचं बरोबर होतं. गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत खेळायचं नाही असं मी ठरवलं, पण वॉर तोंडावर होतं, पन्नास माणसं लटकतील म्हणून लीडरपद तुला दिलं. हे माझं शहाणपण बघ. सुतक तुलाही होतं, सख्खा पुतण्या तू. मोनालीला देता आलं असतं, तिला कसलं सुतक! पण मनात आलं, जबाबदारी दिली की घरातलाच एक होऊन वागशील, आणि येशीलसुद्धा.

दहाव्याला तापीच्या राजघाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बापूंची इच्छा राहिली नाही काही. आई घरी येऊन मला म्हणाली, "मी भ्यायले होते. म्हटलं अक्षयसाठी अडतो का काय." तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुढे कळलं की आम्ही घाटावर असताना तू वॉरमधले दोन्ही हल्ले केलेस, दोन्ही जिंकलास. रजा नव्हती, पण हात मोकळे होते.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी भाईदास दुकानावर आला. गाडी रस्त्यातच उभी केली होती, मागून हॉर्न वाजत होते. म्हणाला, "भाऊ, तुमनं देखलं का नही? अक्षयनं बापूले काढी टाकलं. मी बोललो त्याले, यार वो अपने बापू है. तर मलेच म्हणे, रूल सबको सेम." मी तिथल्या तिथे फोन उघडला. केळीवाले नाव गेलेलं, "रॉयल हंटर्स" झालेलं. ते मी गिळलं असतं. खाली गटाच्या भिंतीवर तुझ्या नावासकट ओळ होती: कौतिक बापू यांना काढण्यात आले आहे, कारण बरेच दिवस निष्क्रिय.

निष्क्रिय!

त्या माणसाला अग्नी मी दिला, अक्षय. निष्क्रिय का आहेत ते मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. अनोळखी माणसानं केलं असतं तर मी काही बोललो नसतो, त्याला काय कळणार पलीकडे कोण आहे. तू ते नाव वाचलंस, थांबला नाहीस, आणि बटण दाबलंस. मला त्याचा राग आहे. राग म्हणजे राग, "वाईट वाटलं" वगैरे नाही.

त्यावर तुझं उत्तर आलं: "दादा, भावना समजतो, पण एक जागा अडत होती. लीडरला कठोर व्हावं लागतं. बापूंच्या आयडीला परत इन्व्हाइट टाकतो, एका टॅपचं काम." टाकलंसही. बापूंचा फोन आईच्या उशाशी असतो, त्यावर ते आलं. एका टॅपचं काम खरंच, फक्त तो टॅप ज्यानं करायचा तो माणूस तेवढा उरला नाही. मी त्यांच्या नावानं "स्वीकारा" दाबून त्यांना तुझ्या दारात परत उभं करणार नाही.

मी दुसरं केलं. बापूंनी लढाईवर कधी छदाम खर्चला नाही, त्यामुळे त्यांच्या किल्ल्यात सोनं पडून होतं. त्यातून त्यांच्याच फोनवर नवा क्लॅन काढला. लीडर बापू. मग तुझ्याकडून निघालो आणि त्यात साधा सभासद म्हणून आलो. आम्ही लढत नाही. एकमेकांना सैनिक देतो आणि बसतो. तुला हसू येईल, येऊ दे.

आत येण्याची विनंती लीडरच्या फोनवर येते आणि फोन आईजवळ. कुठलं बटण ते मी तिला दाखवून ठेवलंय. भाईदासची विनंती आली तेव्हा तिनं मला हाक मारून विचारलं, "हा आपला का रे?" मी हो म्हटलं, तिनं दाबलं. मोनालीची आली, पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. तुझे बरेच जण येतायत, तुला रविवारी कळेलच.

तुझी विनंती आली तर ती मला असंच विचारेल. तुझ्या नावावर तिचं बोट थोडं थांबेल, ती माझ्या तोंडाकडे बघेल. आईशी मी कधी खोटं बोललेलो नाही. तेव्हा तू विनंती पाठवू नकोस.

काकांना आणि काकूंना नमस्कार सांग. तुला आशीर्वाद वर लिहिले आहेत, रीत म्हणून.

धर्मेंद्र कौतिक महाजन