भिंतीवरची अर्धी ओळ

मु. पो. ताडकळस,
१२ डिसेंबर १९८६

चि. नागनाथ, बी.कॉम., यास काकाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. विनंती काही नाही, तक्रार विशेष.

छुन छुन टक, छुन छुन टक. सकाळी अंगणात कोवळ्या उन्हाला बसलो की हा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या बाबांच्या, म्हणजे तुझ्या आश्रुबा आजोबांच्या, येसकरकाठीची ती घुंगरं. चावडीवरून हुकूम सुटला की कुणीतरी सडकेवर उभं राहून हाक मारायचं, आश्रुबा, ए आश्रुबा. आपल्या दारापर्यंत यायची कुणाला गरजच नसे. बाबा हातातली भाकर ठेवायचे, काठी घ्यायचे आणि गल्लोगल्ली दवंडी देत फिरायचे. गळा असा गोड, की लहानपणी मला वाटे ते जप्तीचा हुकूम सांगत नाहीत, कविताच म्हणतायत. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि काठी मोडून चुलीत घातली. आईनं त्याच जाळावर चहा केला. पुढं मी मास्तर झालो, सत्काराचे पुष्कळ चहा प्यालो; त्या बिनदुधाच्या चहाची सर कशाला आली नाही.

हे आठवायचं कारण, काल सुलाबाई परभणीहून आली. म्हणाली, गुरुजी, तुमचा पुतण्या लय मोठा झालाय, आटोरिक्षात बसून भोंग्यात बोलायलाय. काय बोलायलाय विचारलं, तर तिनं 'पांढरा ससा' नावाच्या धुण्याच्या पावडरीचं काव्य म्हणून दाखवलं: 'एक चिमूट पाण्यात, धोतर शोभे गाण्यात'. जन्मभर मराठी शिकवली, पण धोतर गाण्यात कसं शोभतं ते मला कळलेलं नाही. तुझ्या कॉलेजात शिकवत असतील.

आजोबा पायी दवंडी देत, नातू रिक्षात बसून देतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी. केशर काकू म्हणते, पोरगं पोट भरायलाय, तुमाला काय होतंय. मला काहीच होत नाही. फक्त कान दुखतात.

लोभ आहे, तो भोंग्यापासून जपून ठेव.
तुझा किशन काका

परभणी,
३ जानेवारी १९८७

ती. किशन काकांना, साष्टांगाची पद्धत आपल्याकडं उरली नसल्यामुळं, उभ्यानंच सविनय जयभीम. पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. कानदुखीवर तिनं कोमट तेल सांगितलं आहे.

काका, बँकांनी मला परीक्षा घेऊन नाकारलं आणि कचेऱ्यांनी परीक्षा न घेता. जाहिरातीवर बी.कॉम.ला एक धडा होता, पण तो परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी सोडून दिला. मी शिकलो ते भेळेच्या पुड्यांच्या कागदावरून. भेळ संपली की जाहिरात वाचायची. स्टेशन रोडच्या टपरीवर चहा घेत बसायचं आणि भिंतीवरची कुठली अक्षरं वाचताना माणसाचे ओठ हलतात ते बघायचं. रेडिओवरची बाई काय म्हणते यापेक्षा ती कुठं थांबते ते ऐकायचं.

थांबण्याची ही विद्या मात्र तुमची. चौथीत तुम्ही कवितेची अर्धी ओळ म्हणायचात आणि खडू वर धरून थांबायचात. उरलेली अर्धी म्हटल्याशिवाय वर्गाला चैन पडायचं नाही. माझं सगळं भांडवल ती अर्धी ओळ आहे. तेव्हा धोतर बिघडलं असेल, तर थोडा दोष शाळेकडंही जातो.

आजोबांच्या आणि माझ्या दवंडीत एक फरक आहे. त्यांना हाक यायची, मला विचारणा येते. नको म्हणायची मला मुभा आहे. परवाच एका देशी दारूवाल्याला नको म्हटलं.

लोभ असावा. कमी झाला असल्यास कळवावं, म्हणजे जाहिरात करता येईल.
आपला नागनाथ

ताडकळस,
२० फेब्रुवारी १९८७

चि. नागनाथ यास काकाचे आशीर्वाद आणि जयभीम.

तुमच्या पावडरीच्या मालकानं म्हणे नाव बदलून सशाचा हंस केला आणि तो तू एका सकाळीत सगळ्या भिंतींवर रंगवून टाकलास. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव अठ्ठ्याहत्तर साली झाला, त्यापायी आपल्या लोकांची घरं जळाली, आणि पाटी अजून जुनीच आहे. सरकारनं हे काम तुझ्याकडं द्यायला हवं होतं. गेरू आपण दिला असता.

अर्ध्या ओळीचं वाचून मी जुन्या शाळेकडं एक चक्कर मारून आलो. चिंचेखाली तो वर्ग, ती उघडी तोंडं, पुढचा शब्द जिभेवर घेऊन टपलेली. मला वाटायचं मी त्यांना काव्याची गोडी लावतोय. तू तेवढ्यात साबणाचा धंदा शिकत होतास.

नको म्हणायच्या मुभेबद्दल लिहितोस, बरं वाटलं. दारूवाल्यासमोर ती सोपी असते. एखादा सभ्य माणूस चांगली खुर्ची घेऊन येईल तेव्हा ती कुठं जाते ते बघू.

तुझ्या मातोश्री चांगुणाबाईंना तेलाबद्दल धन्यवाद. लोभ वाढला तर कळवीन.
किशन काका

परभणी,
१८ एप्रिल १९८७

ती. काकांना सविनय जयभीम.

तुम्ही म्हणालात तो सभ्य माणूस खुर्ची घेऊन आला. एका बियाण्याच्या कंपनीचे विक्रीसाहेब पुण्याहून आलेत. कपाशीच्या नव्या वाणासाठी त्यांना जिल्ह्याचा प्रचार अधिकारी नेमायचाय. सेलूपासून गंगाखेडपर्यंत जीप, छापील कार्ड, कायमची नोकरी. पेरणीच्या आधी ताडकळसच्या बाजारात एक प्रचार करून दाखवायचा, की नेमणूक.

सगळं ठरत आलं होतं. तिथं तुमच्या गावच्या आबासाहेबांनी तोंड घातलं. जमीन त्यांची आहेच, आता बी-खताचं दुकानही आहे आणि साहेबांचा माल तेच विकणार. ते साहेबांना म्हणाले, याचा आजा आमचा येसकर होता, काय गळा त्याचा. या पोराला मुंडासं बांधा, हातात घुंगुरकाठी द्या अन् बाजारभर फिरवा, लोक लांबून येतील. साहेबांना कल्पना फार आवडली. लोककला म्हणाले. फोटो काढून मुख्य कचेरीत लावणार आहेत. मी म्हटलं, गावातल्या भिंती मी माझ्या पद्धतीनं रंगवतो. म्हणाले, रंगवा, पण काठी पाहिजेच, नेमणूक त्यावरच.

आई म्हणते, एका दिवसाची तर काठी, धर अन् ठेवून दे. शिवणयंत्रावर तिचे डोळे गेलेत काका, ती चुकतेय असं मला म्हणवत नाही. आणि हाताला ती काठी लागल्याचं नुसतं मनात आणलं तरी भाकर खाली उतरत नाही. तुम्ही सांगाल ते करीन. या खेपेला मात्र टोमणे न मारता लिहावं. छोट्या कार्डावर मावेल एवढंच झालं तरी चालेल.

आपल्या लोभाची आज खरोखर गरज असलेला,
नागनाथ

ताडकळस,
३० एप्रिल १९८७

चि. नागनाथ यास आशीर्वाद.

काय करावं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तोही हुकूमच झाला, आणि आपल्या घरानं हुकूम पुष्कळ ऐकलेत. एवढं टोमण्याशिवाय. आता पुढचं.

साहेबांना कळव, अस्सल काठी हवी असेल तर तिचा चहा झाला, कप विसळून ठेवलेत. लोककला म्हणाले ना? हे बाबांना वेळेवर कुणी सांगायला हवं होतं. बिचारे जन्मभर तिला बिगार समजत राहिले.

दुसरं असं, की शाळेच्या भिंतीवर, पंचायतीच्या भिंतीवर आणि आबासाहेबांच्या गोदामावर कुणीतरी ठसठशीत गेरूनं लिहून ठेवलंय: 'काळ्या रानाला काय हवं?' बस्स. पुढं कोरी भिंत. कुणाचा उद्योग आहे, मी विचारत नाही. पण ओळ अशी उघडी टाकून जाणं म्हणजे माणसाला शिंक आणून नाक धरण्यासारखं आहे. मला जेवण गोड लागेना. केशर म्हणते, फुडचं काय असंल ते मनात म्हणा अन् जेवा.

बाजाराला मी येणार नाही. घरात भाजी आहे.

लोभ आहे तसाच आहे, काठी धरलीस तरी. हे तुझ्या काकूनं लिहायला लावलं.
किशन काका

परभणी,
१७ मे १९८७

ती. काकांना जयभीम. बाजारात आपली भेट झाली नाही, कारण आपण आला नव्हता. म्हणून हकिकत कळवतो.

काठी साहेबांनी औरंगाबादहून, नाटकाच्या सामानातून आणली होती. घुंगरं नवीकोरी. मला जीपच्या टपावर चढवलं आणि सगळ्या बाजारादेखत ती माझ्या हातात दिली. आबासाहेब दुकानाच्या पायरीवरून बघत होते, आई खाली जीपला टेकून उभी होती. आमच्या कापडी फलकाची एक बाजू लोंबत होती. मी काठी तिथं बांधली. फलक ताठ झाला. साहेबांना म्हटलं, वस्तू उपयोगी आहे.

मग भोंगा खाली ठेवला आणि तुमच्या चालीत म्हटलं, काळ्या रानाला काय हवं? हात वर धरून थांबलो. पुढची ओळ माझ्याकडं तयार होती, कंपनीच्या नावासकट. पण आधी लोकांच्या जिभेला संधी द्यायची, ही तुमचीच शिकवण. साहेब घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मेथीच्या ढिगामागून कुणीतरी खणखणीत म्हणालं, पाऊस थोडा, बियाणं नवं. म्हातारी बायनाबाई लसूण निवडता निवडता म्हणाली, आगं माय, आश्रुबाचा गळा.

झालं. तुमच्या हाताखालून गेलेले मिशावाले बाप्ये चौथीतल्यासारखे ओरडायला लागले. मी अर्धी म्हणायचो, बाजार अर्धी. दुपारपर्यंत आबासाहेबांच्या दुकानातलं बियाणं उठलं. आमच्या कंपनीचं उठलं आणि बाकी सगळ्या कंपन्यांचंही, कारण मेथीमागच्या कवीनं आमचं नाव ओळीत घातलंच नव्हतं.

साहेबांना दोन्ही लागलं. काठी नाही, नावही नाही. नेमणूक त्यांच्या मेहुण्याला मिळाली. तो म्हणे काठी छान धरतो.

घरी आल्यावर आई म्हणाली, मी लग्न होऊन आले तवा तुझ्या आज्यानं काठी मोडलेली, बलुतं बंद, घरात दाणा नव्हता. आता तुजं बी तेच. मग उठून तिनंच चहा केला.

रिक्षा पुन्हा सुरू. दारावर 'नागनाथ प्रचार' अशी पाटी रंगवली आहे. गिऱ्हाईक अजून पाटीपर्यंत पोचलेलं नाही.

मेथीवर लोभ असावा.
नागनाथ

ताडकळस,
२४ जून १९८७

चि. नागनाथ, संचालक, नागनाथ प्रचार, यास काकाचा जयभीम.

मेथीबद्दल खुलासा. घरातली मेथी संपली होती म्हणून मी बाजारात गेलो. केशर म्हणते, संपली नव्हती. तिचं आता वय झालं. कुणी ओळ उघडी टाकली तर ती झाकणं हा मास्तराचा धर्म आहे, त्यात तुझ्या धंद्याला हातभार लावायचा हेतू नव्हता. आणि कवितेत दुकानाचं नाव घालायला मी काय पांढरा ससा आहे?

तुझी नोकरी गेली याचं वाईट वाटतं. फलक ताठ झाला याचं वाटत नाही. चांगुणाबाई उपासाचं बोलल्या ते खरं आहे, ते दिवस मीही काढलेत. भगवानराव कंडक्टरच्या हाती ज्वारी पाठवली आहे. चांगुणाबाईंना सांग, ही बलुत्याची नव्हे, पेन्शनीची आहे.

गावाचं विचारशील तर पोरं गाई वळतानासुद्धा तीच ओळ म्हणतात. पाऊस खरंच थोडा झाला, तर त्याचं खापर माझ्यावर. लोक म्हणतात, गुरुजी, लय पाऊस म्हणायला तुमचं काय जात होतं. गंगाखेडच्या बाजारात त्या मेहुण्यानं काठी वाजवली म्हणे. लोकांनी बहुरूपी समजून त्याला पुढं जायला सांगितलं. लोककलेला दिवस वाईट आलेत.

तुझ्या पाटीबद्दल एक सूचना करायची होती, ती अशी की

थांब, कडी वाजली. या उन्हात कोण म्हणून उठून बघितलं, तर दारात आबासाहेब. एकटे. त्यांच्या घरात सडकेवरून हाक मारायची रीत, आज कडीला हात लावलाय. चपला बाहेर काढाव्यात की आत, या विचारात उंबऱ्याशी उभे आहेत. पोरांनी पाठ केलेली ती ओळ त्यांनाही पाठ झालेली दिसते, येताना पुटपुटत होते असं केशर म्हणते.

काय काम काढलं विचारलं, तर म्हणाले, दुकानात खत येऊन पडलंय गुरुजी, तवा तुमच्या नागनाथला... आणि एवढंच बोलून थांबले. पुढचं मी म्हणावं म्हणून माझ्या तोंडाकडं बघतायत.

या खेपेला मी अर्धी ओळ पुरी करणार नाही. मी पत्र लिहायला बसलोय, त्यांना खुर्ची दिली आहे. केशरनं आधण ठेवलंय. चहा होईपर्यंत म्हणतील.